पाकिटावरचं माकड

गेली चार वर्षं किराणा दुकानात गेलो की माझा हात आपोआप पाकिटांकडं जायचा. विकत घ्यायला नाही, उलटी करायला. दुकानाच्या दारात पाच रुपयांच्या खाऊची माळ लटकत असते. तिच्यात पिवळं पाकीट शोधायचं, त्याचं तोंड आत आणि पाठ बाहेर करायची, आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं साबणाची वडी मागायची. हे मी बेळगावात केलं, सांबऱ्यात केलं, खानापूरला स्टेशनबाहेर केलं. घरात साबणाच्या वड्यांचा ढीग झाला.

एकदा नुसतंच गाडीला किक मारून निघालो तो कणकुंबीपर्यंत गेलो. काम काही नव्हतं. आपलं पाकीट इथपर्यंत पोचलंय का, एवढंच बघायचं होतं, आणि पोचलं नसलं तर तिथंच चहा पिऊन जरा बरं वाटेल असा विचार होता. पोचलं होतं. मी नेहमीप्रमाणं हात घातला, तर दुकानातली बाई आतून म्हणाली, "काय ओ, पाकिटं उलटी का करालायसा? माल खराब हाय काय?"

"न्हाय न्हाय, माल चांगला हाय."

"मंग?"

तिनं सहज विचारलं. पण त्या शब्दापुढं मला तिथं थांबवेना. साबण न घेताच बाहेर आलो, तर माझ्या गाडीच्या सीटवर एक वानर बसलं होतं आणि त्याच्या हातात तेच पिवळं पाकीट होतं. त्यानं ते दातानं फोडलं, आतलं सगळं खाल्लं आणि रिकामं पाकीट माझ्या अंगावर टाकलं. इतका स्पष्ट अभिप्राय माझ्या कामावर तोवर कुणी दिला नव्हता.

त्या पाकिटावरचं माकड मी काढलंय. आणि ते माकड म्हणजे माझी मुलगी आहे.

मी मूळचा पाट्या रंगवणारा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, सोसायट्यांच्या. आमच्या भागात पाटी रंगवणाऱ्याला मराठी आणि कानडी अशा दोन्ही लिप्या याव्याच लागतात, आणि कुठली अक्षरं वर, कुठली खाली, कुणाची मोठी, कुणाची बारीक, यावरून गिऱ्हाईक शिडीखाली उभं राहून भांडतं तेव्हा ब्रश तोंडात धरून गप्प बसायची कलाही यावी लागते. पुढं फ्लेक्स आला, ब्रश गेला. मी कॉम्प्युटर शिकलो आणि बेळगावात एका गाळ्यात डिझाइनचं दुकान टाकलं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, श्रद्धांजल्या. एकाच माणसाचा एकच फोटो वाढदिवसालाही लावलाय आणि श्रद्धांजलीलाही.

निपाणीचे एक अण्णा माझं जुनं गिऱ्हाईक. जैन घराणं, दोन पिढ्यांचा भडंग आणि शेवेचा धंदा, घरात कानडी, दुकानात मराठी. त्यांनी मक्याच्या पिवळ्या नळ्या काढायचं ठरवलं. पोरं बोटांत घालून खातात त्या. पाकिटासाठी ते स्वतः माझ्याकडं आले आणि मोठ्या कंपन्यांची दहा-बारा पाकिटं टेबलावर ओतून म्हणाले, "बघा. ह्येंच्यावर नाव वाचताय काय तुम्ही? वाघ बघताय, उंदीर बघताय. लहान पोरगं वाचत न्हाय, बोट दाखवतंय. त्येच्या बोटाला कायतरी दाखवायला द्या."

अण्णांच्या डोक्यात भुसा नव्हता. ती पाकिटं मी आठवडाभर समोर ठेवून बसलो. वाघाला गॉगल, उंदराला टोपी, कोंबडीला बूट. सगळ्यांची तोंडं उघडी, हात पसरलेले. डोळे मात्र किंचित खाली बघणारे. दारातल्या माळेवरनं खाली बघितलं की ते बरोबर पोराच्या डोळ्यांत जातात. यातलं कुठलंच जनावर पोट भरलेलं नसतं. पोट भरून ढेकर देणारा वाघ कुणी पाकिटावर छापत नाही. आणि प्रत्येक हाताला बोटं चारच. का कुणास ठाऊक, चित्रातली जनावरं पाचवं बोट घरी ठेवून येतात.

माझं अडलं होतं ते नावाशी. पाकीट चिकोडीकडं कानडी गावांत जाणार आणि इकडं मराठी गावांत. नाव दोन्हीकडं चाललं पाहिजे. मी अशी अडणूक झाली की चालत सुटतो. घर ते दुकान, दुकान ते घर, मधल्या मध्ये पिठाची गिरणी. बसून माझ्या डोक्यात काही येत नाही.

तेव्हा माझी मुलगी तिसरीत होती. जेवताना मी तिला काहीबाही सांगायचो. पाटी रंगवताना शिडीवरनं कसा पडलो, मामाच्या म्हशीनं पाव्हण्याचं धोतर कसं खाल्लं. मी घास घ्यायला थांबलो की ती विचारायची, "मंग?" मी पुढचं सांगितलं की परत, "मंग?" आमच्याकडं 'मग'ला 'मंग' म्हणतात. गोष्ट संपली, सगळे झोपले, म्हैससुद्धा झोपली, असं सांगितलं तरी तिचं आपलं "मंग?" सुरूच. तिची आई वैतागायची. "बास की गं मंग-मंग. माकड हायस काय?"

आणि मी हातातला घास तसाच धरून बसलो. कानडीत मंग म्हणजे माकड. आमच्या गल्लीत दोन्ही भाषांतली आई आपल्या द्वाड पोराला मंग्याच म्हणते. एकच शब्द. मराठीला वाटेल, पुढं काय असं विचारतोय. कानडीला वाटेल, माकड आलं. वर काय, खाली काय, हे भांडणच मिटलं. मी जेवण टाकून उठलो.

चित्राला वेळ लागला नाही, कारण चित्र माझ्या मोबाइलमध्ये होतंच. अण्णांनी दिलेल्या नमुन्याच्या नळ्या तिनं दहाही बोटांत घातल्या होत्या आणि पुढचा दात पडलेल्या फटीतनं जीभ बाहेर काढली होती. एक वेणी सुटलेली, दुसरीला लाल रिबन. आणि कान. आमच्या घराण्याचे कान आहेत ते, डोक्याला काटकोनात. फोटोवरनं मी माकड काढलं. शेपूट दिली, अंगाला तपकिरी रंग दिला, बाकी फारसं काही करावं लागलं नाही. रिबन काढून टाकावी असं एकदा वाटलं, पण तिच्याशिवाय माकड कुणाचंही झालं असतं. ठेवली.

अण्णांनी बघितलं. "छलो ऐती," असं आधी कानडीत आणि मग "लई भारी" असं मराठीत म्हणाले. फक्त बोटं मोजून विचारलं, "बाकीच्यांना चार-चार, ह्येला पाच-पाच का?" मी म्हटलं, "दहा नळ्या घालायच्या तर दहा बोटं नकोत?" ते खूष झाले. कुणाचं चित्र, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

घरी नमुन्याचं पाकीट नेलं तेव्हा बायकोनं एकदाच बघितलं. "ही आपली हाय न्हवं?"

"कुठं? माकड हाय ते."

"व्हय, आणि मी आंधळी हाय." मग थोड्या वेळानं म्हणाली, "तिला विचारलंय काय?"

"पोरीला काय विचारायचं त्यात?" मी म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. हे वाक्य मी आजवर शेकडो वेळा मनात परत गिळायचा प्रयत्न केलाय.

पाकीट चाललं. नुसतं चाललं नाही, पळालं. गल्लीतली पोरं दुकानात जाऊन "मंग द्या" म्हणू लागली. पाकिटामागं कापून तोंडावर लावायचा माकडाचा मुखवटा छापला होता, तोही माझाच उद्योग. गणपतीत अर्धी गल्ली माझ्या मुलीचं तोंड लावून नाचली. ती स्वतःही लावून नाचली. मी कडेला उभा राहून बघत होतो आणि मला फार बरं वाटत होतं. मनातल्या मनात म्हणत होतो, बघा, माझी पोरगी घराघरात पोचली.

ती पाचवीत असताना शाळेच्या गॅदरिंगला अण्णांनी पाकिटं वाटायचं ठरवलं. त्यासाठी माकडाचा पोशाख शिवून घेतला होता. एक उंच माणूस त्यात घालून स्टेजवर आणला. मोठं डोकं, ते कान, कानाजवळ हातभर लाल रिबन. पोरांनी नुसता कल्ला केला. मी पहिल्या रांगेत अण्णांच्या शेजारी बसलो होतो. मुलीच्या वर्गाचा नाच संपला होता आणि त्या पोरी अजून स्टेजवरच होत्या. तिच्याही वेणीला लाल रिबन होती. मागनं कुणीतरी ओरडलं, "ए, मंग्याची भैन बघा!" मग सगळेच. "मंग्या! मंग्या!" दोन पोरींनी तिला ढकलत त्या पोशाखवाल्याच्या शेजारी नेऊन उभं केलं. त्या बिचाऱ्याला आतनं काय दिसत होतं देव जाणे, त्यानं तिच्या खांद्यावर हात टाकून दुसरा हात हलवला. मोबाइल वर झाले. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात, इथं ते माझ्याच हातानं दिलं होतं.

तिनं खाली बघितलं. म्हणजे माझ्याकडं. सरळ.

आणि मी टाळ्या वाजवत होतो. अण्णा वाजवत होते म्हणून. क्षणभर आमची नजर भिडली, मग मी मान वळवून अण्णांशी काहीतरी बोललो. लायटिंग चांगलं केलंय, असं काहीतरी.

त्या दिवसापासून ती केस कानांवरनं बांधायला लागली. लाल रिबन गेली, काळी आली. आणि बोलणं बदललं. आमच्या भागातल्या पोरीही 'मी आलतो, मी गेलतो' असंच बोलतात. पुण्याकडचे पाहुणे त्यावर हसतात. ती 'मी आले, मी जेवले' म्हणू लागली. शाळेतल्या बाई मला मुद्दाम थांबवून म्हणाल्या, "भाषा किती सुधारली हो मुलीची." जेवताना मी काही सांगायला लागलो की ती मान खाली घालून ऐकायची. मी घास घ्यायला थांबायचो, जरा जास्तच वेळ थांबायचो. ती गप्प. गोष्ट तिथंच ताटात पडून राहायची.

'मंग' हा शब्द तिनं टाकला होता. एकदा चुकून ओठांवर आला तर तिनं तो 'मग' करून पुरा केला. अनुस्वार एवढाच गेला, पण माझी झोप त्याच्याबरोबर गेली.

तेव्हापासून माझ्या पायाला भिंगरी लागली. एका जागी बसवेना. गिऱ्हाईक समोर असताना मी उठून पंख्याचं बटण तपासायचो. गाडी काढायचो आणि दुकानं बघत हिंडायचो, पाकिटं उलटी करत. याचा उपयोग काय, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एक दुकान उलटं करेपर्यंत निपाणीहून टेम्पो भरून चेहरे येत होते. सरळ गोष्ट होती घरात बसून पोरीला सांगायची, बाळ, ते तूच आहेस, मी न विचारता घेतलं आणि त्या दिवशी मी घाबरलो. पण तिला ठाऊक नसेल तर उगाच कळेल, अशी मी स्वतःची समजूत घालायचो. चोराच्या मनात चांदणं, तसं माझ्या मनात ते पिवळं पाकीट लखलखत असायचं.

शेवटी निपाणीला गेलो. अण्णांना म्हटलं, चित्र बदलूया. ते माझ्याकडं बघतच राहिले. "चालणाऱ्या बैलाचं शिंग कोण कापतंय काय?" मी खरं कारण सांगितलं नाही. जुनं झालं, आता नवीन पद्धत आली, असलं काहीतरी बडबडलो. ते म्हणाले, "छपाईचं सिलिंडर बदलायचं आसतंय तेव्हा जरा हिकडं-तिकडं करा. एकदम नको. पोरास्नी कळता कामा नये."

मला तेवढंच पुरे होतं. पहिल्या वेळी रिबन काढली. पुढच्या वेळी दाताची फट बुजवली. मग कान, थोडे-थोडे, दरवेळी केसभर. सुटलेली वेणी गेली. अण्णांच्या लक्षात येत नव्हतं, पोरांच्याही नाही. पण चेहरा काही नुसता पुसता येत नाही, त्याच्या जागी दुसरा काहीतरी लागतो. मला दुसरा सुचत नव्हता. गाळ्यात टेबलासमोर आरसा आहे, पासपोर्ट फोटोला येणाऱ्यांनी भांग पाडावा म्हणून लावलेला. मी वर बघायचो, खाली काढायचो. हे मी जाणून केलं का? खरंच सांगतो, पहिल्यांदा नाही. नंतर कळलं तरी थांबलो नाही. मला बरं वाटत होतं. तिला ढकलून मी तिच्या जागी उभा राहत होतो, स्टेजवर, त्या माकडाच्या शेजारी, चार वर्षं उशिरा.

गेल्या महिन्यात अण्णांचा फोन आला. "ओ, माकड म्हातारं दिसाय लागलंय बघा. परवा नात म्हणाली, अज्जा, ह्येला चष्मा पाहिजे."

मी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"म्हाताऱ्याकडं बघून कोण खाऊ घेतंय? त्ये जुनंच बसवा. पयलं हुतं तसं, रिबनसकट."

"घरात विचारून सांगतो," माझ्या तोंडून गेलं.

अण्णा हसले. "माकडाचं घरात काय विचारायचं?"

फोन ठेवला आणि गाळ्यातनं बाहेर आलो, परत आत गेलो, परत बाहेर आलो. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "काय हरवलंय काय?" दोन दिवस मी असाच येरझाऱ्या घालत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी जुनं आणि नवं अशी दोन्ही चित्रं स्क्रीनवर शेजारी-शेजारी लावून बसलो होतो, तर मुलगी आली. आता ती नववीत आहे. शाळेच्या प्रकल्पाची पानं छापून हवी होती. मी चित्रं बंद करायला गेलो, घाईत नेमकी मोठी झाली.

ती माझ्या खुर्चीमागं उभी राहिली. मग बोट पुढं केलं.

"हे तुम्ही."

तेच बोट शेजारच्या चित्रावर गेलं.

"आणि हे मी."

"तुला कधीपासनं म्हाईत हाय?"

"पहिल्या पाकिटापासून. रिबन माझीच की, आप्पा. कोपरा उंदरानं कुरतडलेला होता, तोसुद्धा तुम्ही काढलाय."

खरंच काढला होता. मी तिच्याकडं न बघता म्हटलं, "बोलली का न्हाईस?"

"तुम्ही सांगाल असं वाटत होतं." तिनं प्रिंटरमधलं एक पान काढून उगाच सरळ केलं. "मला चित्र आवडलं होतं. मुखवटा लावून नाचले की मी. पोरं मंग्या म्हणाली त्याचंसुद्धा काही नाही, सगळ्यांनाच काहीतरी म्हणतात. पण मी तुमच्याकडं बघितलं, आणि तुम्ही टाळ्या वाजवत होता."

इतके दिवस मी कानांवर काम करत होतो. केसभर, केसभर. आणि दुखणं कानांत नव्हतंच.

मला उठून बाहेर जावंसं वाटलं. गाडीची किल्ली टेबलावरच होती, हात तिच्याकडं गेलासुद्धा. पण गेलो असतो तर परत कुठं येणार होतो? मी किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली, तिची पानं छपाईला लावली आणि सांगायला सुरुवात केली. अण्णांनी टेबलावर पाकिटं ओतली तिथपासून. वाघाचा गॉगल, चार-चार बोटं. जेवताना तिचं मंग-मंग आणि आईचं वैतागणं. विचारलंय काय असं आई म्हणाली होती, आणि मी काय उत्तर दिलं होतं, तेही जसंच्या तसं सांगितलं. साबणाच्या वड्या कुठनं आल्या ते सांगितलं. कणकुंबीचं वानर सांगितलं तेव्हा तिच्या ओठाचा कोपरा जरा हलला. फक्त एकच भाग मी ओलांडून पुढं गेलो होतो, आणि आता परत मागं यावं लागलं.

"गॅदरिंगला अण्णा माझ्या शेजारी बसले होते," मी म्हटलं. "तुला वर उभं केलं. तू माझ्याकडं बघितलंस. मला दिसलं. मला सगळं कळलं होतं तेव्हाच. आणि मी..."

पुढचं तोंडातनं निघेना. प्रिंटर तिची पानं एकेक करून बाहेर टाकत होता. तिनं ती उचलली नाहीत. तिनं गिऱ्हाइकाचं स्टूल ओढलं, त्यावर बसली, कानांवरचे केस मागं घेतले आणि माझ्याकडं बघितलं, सरळ.

"मंग?" ती म्हणाली.